डाव्या वळणाची गाठ

मशीन

मशीन आलं त्या दिवशी मुकादमानं त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद दातांनी फाडला आणि बायकांना म्हणाला, "हात लावू नका. शॉक बसतो."

गुरांच्या खाद्याचा कारखाना. पत्र्याची लांब शेड. एका टोकाला गरम खाद्य पोत्यांत पडायचं, दुसऱ्या टोकाला ट्रक लागायचे, आणि मधल्या भिंतीला पाठ लावून या बायका लाकडी पाटांवर बसायच्या. भरलेलं पोतं गुडघ्यांत धरायचं, तोंड जुळवायचं, दाभण आत, दाभण बाहेर, सुतळी करकचून ओढायची. दोन्ही कोपऱ्यांना मूठभर ताग मोकळा सोडायचा आणि त्याला गाठ मारायची. त्या कोपऱ्यांना कान म्हणतात. हमाल पोतं कानांना धरून उचलतात.

प्रत्येकीची गाठ वेगळी. असं कुणी ठरवलं नव्हतं. हाताला जशी सवय लागली तशी गाठ पडत गेली. पोतं ट्रकमध्ये फुटलं की मुकादम कान बघायचा आणि ज्या बाईचं असेल तिच्या नावानं लांबूनच ओरडायचा. डावरीची गाठ ओळखायला तर त्याला जवळही जावं लागत नसे. ती डाव्या हातानं शिवायची, म्हणून तिच्या गाठीचं वळण उलटं. तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

मशीननं एक पोतं शिवलं. टर्रर्र. संपलं. कान नाहीत, गाठ नाही, एका रेषेत मिटलेलं तोंड. रेडिओ म्हणून एक बाई होती, ती झोपेतही बोलते असं सगळ्या म्हणत. तीही काही बोलली नाही.

"आता तुम्हाला आराम," मुकादम म्हणाला. आठवडाभर या, मग येऊ नका, असं त्यानं मशीनकडे बघत सांगितलं. दाभणं जमा करा. पाट इथंच ठेवा, ते कारखान्याचे आहेत.

डावरीचा पाट एका बाजूला झिजून उतरता झाला होता. इतकी वर्षं तिचा सगळा भार त्याच बाजूला पडलेला. तो न्यायचा कुणी आणि कशाला. तरी घरी आल्यावर तिला पहिल्यांदा आठवला तो पाटच.

त्यांच्यातली एक काटकुळी, तिला टाचणी म्हणत, सगळ्यांना घेऊन तालुक्याच्या कामगार कार्यालयात गेली. तिथल्या मॅडमनी ऐकून घेतलं. मशीन आणलं म्हणून माणसं कमी करता येतात, त्याला आपण काही करू शकत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण हेच काम पुन्हा हातानं सुरू झालं, तर आधी तुम्हाला बोलवावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात तरच दुसरं माणूस. एवढं लक्षात ठेवा."

परतीच्या बसमध्ये बायका हे वाक्य शाळेतल्या कवितेसारखं म्हणत आल्या. आधी आम्हाला. मग दुसरं माणूस.


खुरपं

डावरीच्या घरात चार माणसं, त्यातला मुलगा दुधाच्या टँकरवर, महिनोन् महिने रस्त्यावर. नवरा त्याच कारखान्यात हमाल होता. पाठ गेली तेव्हापासून तो दारातल्या खाटेवर कुशीवर पडून असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पोतं कसं उचलू नये ते सांगायचा. राहिल्या डावरी आणि तिची सून.

डावरी खुरपायला जाऊ लागली. बायका वाफ्यात एका रांगेत बसायच्या, सगळ्यांचं खुरपं उजव्या हातात, सगळ्यांचं कोपर एकाच बाजूला. डावरीचं कोपर शेजारणीच्या कोपरावर आपटायचं. पहिल्या दिवशी शेजारीण हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं बाई, जरा सरकून." मग शेतमालकिणीनं तिला रांगेच्या अगदी टोकाला, बांधाला लागून बसवलं. तिथं गवत राठ आणि गप्पा ऐकू येत नाहीत. खुरप्याला धार एकाच बाजूला असते, तीही तिच्या हाताच्या उलटी. ती कापायची कमी आणि उपटायची जास्त. संध्याकाळी बोटं सरळ व्हायची नाहीत.

थोड्या दिवसांनी सुनेलाही काम मिळालं. रोपवाटिकेत, पिशव्यांत माती भरायचं. ठेकेदाराची गाडी सकाळी फाट्यावरून न्यायची, अंधार पडायच्या आत सोडायची. डावरीला बरं वाटलं. पोरगी बसून काम करते, सावलीत आहे.

सून घरी आली की आधी न्हाणीत जायची. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या. मातीनं होतं, म्हणायची. डावरी वाटीत तेल कोमट करून आणायची आणि तिची बोटं एकेक करून चोळायची.

"माती एवढी कापते का गं?"

"खत असतं ना आई तिच्यात."

नवरा खाटेवरून म्हणायचा, "माझ्या पाठीला पण लावा की कुणीतरी. मी काय सवतीचा आहे का?"


कान

मशीनची पोती हमालांना पहिल्यापासूनच नकोशी झाली होती. एक उंच हमाल होता, उंट म्हणत त्याला. तो नवऱ्याजवळ येऊन बसायचा आणि तक्रार करायचा. "दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड. धरायचं कुठं?" पोती हातातून सटकत. दोऱ्याचं टोक कुठं अडकलं की सगळी शिवण सरसर उसवत जाई आणि खाद्य रस्त्यावर. हमालांनी एक दिवस ट्रक तसाच उभा ठेवला आणि बिड्या ओढत बसले.

मग एका संध्याकाळी उंट आला, खाटेच्या कडेला टेकला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, "पण आता बरं झालं. कान परत आलेत."

डावरी चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"कुठले कान?"

"पोत्यांचे. माझे कुठं गेले होते?"

कोण शिवतं ते त्याला माहीत नव्हतं. भरलेली पोती ट्रॉलीवरून शेडमागच्या भुशाच्या गोदामात जातात, शिवून परत येतात, दार आतून बंद. ठेकेदाराची माणसं असतील.

पंधरवड्यानं टाचणीच्या ओसरीवर सगळ्या जमल्या. रेडिओचा आवाज परत आला होता. तिनं मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मुकादमाला मोजून शिव्या दिल्या, आणि मग विचारलं की आता करायचं काय. मालकाला विचारून झालं होतं. हातानं शिवण बंद आहे, म्हणून त्यानं कानांवर हात ठेवले होते. टाचणी म्हणाली, अर्ज दिला होता, उद्या मॅडमपुढे सुनावणी लागलीय. तिथं शिवलेलं पोतं नेऊन ठेवायचं. कान दाखवायचे. झालं.

पोतं मिळालं एका दूधवालीकडून. तिनं कारखान्याचं नवं पोतं कालच आणलं होतं, अजून उघडलं नव्हतं. "न्या," ती म्हणाली, "पण परत आणा. गाईंनी विचारलं तर मी काय सांगू?" उंटानं ते पाठीवर घातलं. सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती आणि बसथांब्याला डावरीचं घर जवळ, म्हणून ते तिच्या घरात आणून उभं केलं.

उंट गेला. डावरीनं पोत्यावर हात फिरवला. अजून कोमट वाटलं तिला. नसेल तसं, पण वाटलं.


तिनं कान हातात धरला. गाठीवरून अंगठा फिरवला. अंगठा बरोबर बसला. जसा स्वतःच्या घराच्या कडीवर अंधारात हात बसतो तसा.

डावं वळण. दोन वेढे, तिसरा खालून.

ही तिची गाठ होती.

ती पोत्याशेजारी बसली. खाली काही नव्हतं, नुसती जमीन. तिला वाटलं आपण खूप दिवसांपूर्वी शिवलेलं पोतं फिरून फिरून आपल्याकडे आलं. मग तिनं शिवण बघितली. टाके उजवीकडून डावीकडे गेले होते. उजव्या हाताचे टाके. गाठ तेवढी डावी.

उजव्या हाताची, आणि डावी गाठ मारणारी. अशी एकच बाई तिला माहीत होती. लग्न होऊन आली त्या साली शेळ्यांसाठी पाला भरताना डावरीनंच तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. पोरगी टाके आपल्या हातानं घालायची, पण गाठ सासूची बघून बघून उचलली. दोघी हसल्या होत्या तेव्हा. पाल्याचं पोतं उलटंसुलटं कान घेऊन उभं होतं.

तिला हाक मारावीशी वाटली, पण कुणाला मारायची ते कळेना. हातातला कान सुटत नव्हता.


पोतं घरात

सून आली. दारातच थांबली.

पोतं भिंतीशी उभं होतं, दोन्ही कान वर करून.

ती न्हाणीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मग आला.

जेवायला बसले तेव्हा पोतं मध्येच होतं. सून त्याला वळसा घालून वाढत होती. डावरी ताटाकडे बघून जेवत होती. नवरा म्हणाला, "पाहुणा आलाय तर त्यालाही वाढा. केव्हाचा ताटकळलाय."

त्यानं हात लांब करून पोत्याचा कान पकडला, जुन्या हमालाच्या सवयीनं, पेललं असतं का ते बघायला. आणि तसाच थबकला.

"अगं," तो म्हणाला, "ही तर तुझी गाठ."

सुनेच्या हातातला डाव भांड्यात पडला.

डावरी म्हणाली, "जुनं पोतं असेल."


जे कुणी बोललं नाही

किती दिवस झाले.

रोपवाटिका कुठं आहे म्हणालीस.

मी तुझी बोटं चोळत होते.

तुम्ही नाही म्हणाल्या असतात, आई.

मी हो म्हणाले असते का? माहीत नाही. मला विचारलंच नाहीस.

टँकर येईल तेव्हा त्याला काय सांगायचं.


न्हाणीपाशी

उजाडलं. सून भांडी घासत होती. डावरी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि राखेचा गोळा हातात घेऊन नुसताच दाबत राहिली.

"दुसरी कुठली तरी गाठ मारायचीस," ती म्हणाली. एवढ्या सगळ्यातून तिला हेच सुचलं.

"मारून बघितली. सुटते." सून भांडं उलटं घासू लागली. "दुसरी येत नाही मला, आई. तुम्ही दुसरी शिकवलीच कुठे."

मग ती आपण होऊनच सांगू लागली. ठेकेदारानं फाट्यावर गाठलं होतं. तरण्या पोरी हव्यात, तोंड बंद ठेवायचं, जुन्या बायकांच्या घरातल्या असतील तर उत्तमच, काम आधी माहीत असतं आणि भांडायला कुणी येत नाही. पहिल्या दिवशी गोदामात पाट मांडलेले होते. मुकादमानं बोट केलं तिथं ती बसली आणि एका बाजूला कलंडली. तेव्हा कळलं पाट कुणाचा ते.

"उठायचं होतं मला," ती म्हणाली. "पण पुढ्यात पोतं आणून ठेवलं."

डावरीच्या बोटांतून राख गळत होती.

"आज तिथं सांगाल का?"

"माहीत नाही."

सुनेनं भांडी पालथी घातली, पदराला हात पुसले आणि गाडी गाठायला फाट्याकडे गेली. रोजच्याच वेळेला, रोजच्याच चालीनं.


सुनावणी

पोतं बसच्या टपावरून गेलं. कार्यालयात ते मॅडमच्या टेबलासमोर उभं केलं. बायका भिंतीच्या बाकावर दाटीवाटीनं बसल्या. मालक खुर्चीत बसून फोन चाळत होता. बोलायचं काम मुकादमाकडे होतं.

टाचणीनं सांगितलं, हे परवाचं पोतं, हे हातानं शिवलेलं, हे कान. रेडिओ मध्येच म्हणाली, वास घेऊन बघा मॅडम, ताजं आहे.

मुकादम उठला. पोत्याजवळ गेला. कान बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली.

"जुनं पोतं आहे, मॅडम," तो म्हणाला.

डावरीनं मान वर केली. तिचेच शब्द होते. कालचे, तिच्या घरातले, ताटावरचे. भिंतीनं ऐकून त्याला सांगितल्यासारखे.

मुकादम सांगत होता की गाठ उलटी आहे, अशी गाठ मारणारी बाई साऱ्या भागात एकच, आणि ती समोर बसलीय. मशीन यायच्या आधी तिनंच शिवलेलं पोतं गोदामात राहिलं असेल, गोदाम कोरडं आहे, वास टिकतो. आमच्याच पोत्यानं आमच्यावर केस करता, असं तो हसून म्हणाला.

बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. टाचणी पुढे झाली, कान डोळ्यांजवळ नेला आणि डावरीकडे बघितलं. तिच्या ते आधी लक्षातच आलं नव्हतं. कान आहेत एवढंच सगळ्यांनी बघितलं होतं. कान कसा आहे ते कुणी बघितलं नाही.

मॅडमनी विचारलं, "बाई, ही गाठ तुमची?"

हो म्हटलं की झालं. हो खोटंही नव्हतं. हो म्हटलं की सून उद्या गाडीत बसेल, चूल पेटेल, पाठीचं औषध येईल, आणि या बाकावरच्या बायका उठून एकामागून एक दाराबाहेर जातील. शेजारी रेडिओ बसली होती. तिच्या मांडीवरचा हात डावरीच्या मांडीला लागत होता. इतकी वर्षं त्या तशाच चिकटून बसायच्या. डावरीचं कोपर बाजूला यायचं म्हणून रेडिओ न सांगता आपला पाट थोडा तिरका मांडायची. कधी बोलून दाखवलं नाही. बाकी सगळं बोलली, हे नाही.

"गाठ माझी आहे," डावरी म्हणाली.

मुकादम बसला.

"हात माझ्या सुनेचा आहे."

मालकानं फोन खाली ठेवला.

डावरी उभी होती. आपण कधी उठलो ते तिला आठवेना. तिनं सांगितलं की टाके उजवे आहेत, गाठ डावी आहे, पोरगी भुशाच्या गोदामात बसते, दार आतून लावलेलं असतं. "माझ्याच पाटावर बसते," ती म्हणाली.

बाहेर बायका नळाशी थांबल्या. कुणी पाणी प्यायलं, कुणी चूळ भरली. रेडिओ म्हणाली, "घरातच होतं म्हणायचं सगळं. आणि आम्ही गावभर शोधत होतो." टाचणीनं तिला गप्प केलं, पण ती स्वतःही डावरीच्या डोळ्यांत बघत नव्हती. पोतं उचलायला मात्र दोघी पुढे आल्या. एक कान एकीनं धरला, एक दुसरीनं. डावरीला धरायला कान उरला नाही. ती मागून चालली.


दुसरं माणूस

मॅडम दुसऱ्याच दिवशी न सांगता गोदामावर गेल्या. दार उघडायला लावलं. पोरी ठेकेदाराच्या आहेत, आमच्या नाहीत, असं मालक म्हणाला. पोती तुमची, खाद्य तुमचं, पाटसुद्धा तुमचे, असं मॅडम म्हणाल्या. जुन्या बायकांना आधी बोलवा. त्यांतल्या ज्या येणार नाहीत त्यांच्या जागी ज्याला घ्यायचं त्याला घ्या.

जुन्यांतली एकही नाही म्हणाली नाही.

सून भर दुपारी घरी आली. सासऱ्याला पाणी दिलं. अंगण झाडलं, सकाळी झाडलेलंच. डावरी शेतावरून आली तेव्हा सून दारात बसून होती आणि हात मांडीवर उपडे ठेवले होते.

डावरीनं तेल कोमट केलं. वाटी मध्ये ठेवली. सुनेनं हात पुढे केला नाही. तेल थंड झालं. नवरा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

सकाळी डावरी कारखान्यात जायला निघाली तेव्हा सुनेनं खुंटीवरचं खुरपं काढलं. हातात घेतलं, धारेवरून अंगठा फिरवला. खुरपं उजव्या हाताचं होतं, तिच्या मुठीत नीट बसलं.

"वाफा कुठला?" तिनं विचारलं.

"विहिरीकडचा. रांगेत बस. टोकाला बसू नकोस."

सून निघून गेली.

पाट गोदामातून शेडमध्ये आणले होते, भिंतीला लागून, पूर्वीच्याच जागी. पोरींना काम अर्धं टाकून उठवलं होतं, ती पोतीही तशीच आणून पुढ्यात उभी केली होती, कुणाचं तोंड अर्धं मिटलेलं, कुणाचं उघडं. रेडिओ बसली, तिनं आपला पाट थोडा तिरका केला, समोर बघतच.

डावरी आपल्या पाटावर बसली आणि दचकून भिंतीला हात लावला.

पाट सपाट होता.

तिनं खाली हात घातला. झिजलेल्या बाजूखाली जुन्या कापडाची घडी होती, चार पदरी, सुतळीनं गच्च बांधलेली. बसून बसून तीही दबली होती. सुतळीला डावी गाठ.

तिनं घडी काढली नाही. पण नीट बसताही येईना. इतक्या वर्षांचं अंग उताराला सरावलेलं, सपाटीवर ते दुसऱ्याच बाजूला कलंडत होतं. मुकादम लांबून म्हणाला, "बसायचं विसरलीस काय गं?"

पुढ्यातल्या पोत्याचा एक कान बांधलेला होता. टाके उजवीकडून डावीकडे येऊन मध्येच थांबले होते आणि दाभण तिथंच टोचून ठेवलं होतं. ते उपसून डावरीनं डाव्या हातात घेतलं. सून जिथं थांबली होती तिथूनच तिला पुढे जायचं होतं, आणि हाताला ती दिशा उलटी. ती थोडी अडखळली. मग पोतं फिरवून गुडघ्यांत घेतलं आणि पलीकडच्या टोकाकडून आपले टाके घालत आली. मध्यावर दोन्ही शिवणी भेटल्या, तिथं जाड सुतळीचा एक उंचवटा राहिला. दुसऱ्या कानाला तिनं गाठ मारली. दोन वेढे, तिसरा खालून.

उंट आला. वाकला. दोन्ही कान धरले आणि पोतं पाठीवर घ्यायच्या आधी सवयीनं विचारलं, "कुणाचं हे?" फुटलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते आधी माहीत असलेलं बरं.

डावरीनं एक कान बघितला, मग दुसरा.

"आमच्या घरचं," ती म्हणाली.